विषाणू चालत आला नाही

गोचिडामार्फत पसरणारा रोग म्हटलं, की हिंगोलीतला शेतकरी आधी गोठ्यात जाईल, बैलाच्या कानात आणि गाईच्या कासेपाशी पाहील. ते स्वाभाविकच आहे, कारण मराठवाड्यात गोचीड म्हणजे जनावराच्या अंगाला चिकटून रक्त पिणारा आणि जाताना थायलेरियासारखा ताप देऊन जाणारा जीव. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाच्या जवळपास प्रत्येक वर्णनात गोचिडाचा उल्लेख असतो, आणि त्यावरून दोन निष्कर्ष पटकन काढले जातात. पहिला, गोठ्यात आणि वाड्यात फवारणी केली की काम झालं. दुसरा, हा रोग किड्यांतून, रानडुकरांतून, एकूण निसर्गातून येतो, तेव्हा माणूस त्याला काय करणार? दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. त्यांच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा खुद्द विषाणूच्या जनुकांत आहे. आफ्रिकेत हा विषाणू नाना रूपांचा आहे आणि भारतासह आशियात तो बराच काळ जवळजवळ एकाच रूपाचा होता. ही एकरूपता म्हणजे त्याला माणसाने वाहून आणल्याची खूण आहे, हे मला इथे मांडायचं आहे. आणि ती एकरूपता आता मोडू लागली असल्यामुळे, रोगाला नुसतं नाव देऊन थांबणं आपल्याला परवडणार नाही.

सुरुवात केनियापासून करावी लागते. तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांनी युरोपातून आणलेली डुकरं १९१० पासून तापाने पटापट मरू लागली. रॉबर्ट यूस्टेस माँटगोमेरी या पशुवैद्याने १९२१ मध्ये या रोगाचं पहिलं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि तो जुन्या, ओळखीच्या स्वाइन फीवरपेक्षा वेगळा असल्याचं दाखवून दिलं. मरत होती ती परदेशी पाळीव डुकरं. तिथलं मूळचं रानडुक्कर, म्हणजे चेहऱ्यावर चामखिळींसारखे उंचवटे असलेलं वार्टहॉग, हा विषाणू अंगात बाळगूनही ठणठणीत राहत होतं. मधला दुवा सापडायला बराच काळ गेला. १९६३ मध्ये स्पेनमध्ये आणि १९६९ मध्ये पूर्व आफ्रिकेत हा विषाणू ऑर्निथोडोरोस जातीच्या गोचिडांत मिळाला. हा गोचीड मऊ अंगाचा असतो. तो जनावराच्या अंगावर राहत नाही. वार्टहॉगच्या बिळात, भिंतीच्या भेगांत, मातीत दडून बसतो, जनावर आलं की थोडा वेळ रक्त पितो आणि पुन्हा भेगेत शिरतो. तो कित्येक वर्षं जगतो, उपाशीही जगतो. आफ्रिकेतल्या गोचिडांत विषाणू मादीकडून अंड्यांत आणि समागमातून एका गोचिडाकडून दुसऱ्याकडे जातो. गोचिडाच्या शरीरात वाढून पसरणारा, डीएनए असलेला हा एकमेव ज्ञात विषाणू आहे. आपल्या गाई-म्हशींवरचे गोचीड कडक कवचाचे, दिवसेंदिवस अंगाला चिकटून राहणारे. अशा कडक कवचाच्या गोचिडांवर युरोपात प्रयोग झाले, तेव्हा त्यांच्या शरीरात हा विषाणू वाढला नाही. गाईंच्या गोचिडांचा बंदोबस्त जरूर करावा, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

आता विविधतेकडे वळू. एका टेकडीवरच्या बिळातला गोचीड आपल्या आपण दुसऱ्या टेकडीवर जात नाही. विषाणू त्याच्या पोटात वर्षानुवर्षं मुक्कामाला असतो आणि त्यात होणारे लहानसहान बदल त्याच परिसरात साचत राहतात. असं शेकडो ठिकाणी, फार मोठ्या काळात घडलं की प्रत्येक प्रदेशाची आपली शाखा तयार होते. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत नेमकं हेच दिसतं. २००३ नंतर वैज्ञानिकांनी या शाखा मोजायला पी-७२ नावाच्या प्रथिनाच्या जनुकाचा एक तुकडा वापरायला सुरुवात केली. त्या तुकड्यातल्या फरकांवरून पुढे २४ जनुकप्रकार मानले गेले. २०२३ मध्ये हीच माहिती नव्याने तपासली, तेव्हा पी-७२ प्रथिनाचा निकष काटेकोरपणे लावला तर खरे वेगळे गट सहाच ठरतात, असं अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. आकडा २४ असो की सहा, त्यामुळे मुद्दा बदलत नाही. विषाणूचा जनुकसंच साधारण एक लाख सत्तर हजार ते एक लाख नव्वद हजार डीएनए-अक्षरांचा असतो, म्हणजे विषाणूंच्या मानाने अवाढव्य. त्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांसारख्या जनुकांची कुटुंबं असतात आणि ती कुठे वाढतात, कुठे गळून पडतात. लांबीतला हा फरक मुख्यतः तिथलाच. ज्या तुकड्यावरून जनुकप्रकार ठरतो, तो चारशे-साडेचारशे अक्षरांचा. म्हणजे हजार अक्षरांतली जेमतेम दोन वाचून आपण त्या विषाणूला नाव देतो.

आफ्रिकेबाहेर मात्र इतक्या शाखांपैकी दोनच मोठ्या प्रमाणावर पसरल्या. पहिला जनुकप्रकार १९५७ मध्ये लिस्बनला पोचला. विमानतळावरचं उरलेलं अन्न जवळच्या डुकरांना घातलं गेलं, त्यातून तो आला असं मानलं जातं. तिथून स्पेन, सार्डिनिया, आणि अटलांटिक ओलांडून क्यूबा, ब्राझील, डॉमिनिकन रिपब्लिक, हैती. दुसरा जनुकप्रकार २००७ मध्ये जॉर्जियात काळ्या समुद्रावरच्या पोती बंदराच्या परिसरात दिसला. जहाजांवरचं खरकटं मोकाट डुकरांच्या तोंडी लागलं, हेच स्पष्टीकरण तिथेही दिलं जातं. त्या विषाणूचे जवळचे नातेवाईक मोझांबिक, मादागास्कर आणि झांबियाकडे सापडतात. जॉर्जियातून तो रशियात गेला, २०१४ पर्यंत पोलंड आणि बाल्टिक देशांत पोचला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या शेन्यांग शहराजवळ प्रकटला. जगातली जवळपास अर्धी डुकरं तेव्हा चीनमध्ये होती. चीनमधल्या विषाणूचा जनुकसंच जॉर्जियातल्या विषाणूशेजारी ठेवला, तर जवळजवळ दोन लाख अक्षरांत अगदी मोजके फरक निघाले. अकरा वर्षं, हजारो किलोमीटर, डझनावारी देश, आणि तरी विषाणू तोच. गोचिडांच्या मुक्कामांतून, बिळाबिळांतून सरकत तो आला असता, तर वाटेत त्याच्या शाखा फुटल्या असत्या. इतक्या वेगाने इतका न बदलता प्रवास करायचा, तर त्याला ट्रक, रेल्वे, जहाज, मांसाचं गाठोडं, बुटाला लागलेली घाण असलं काही वाहन लागतं.

भारताची गोष्ट याच साखळीतली. अरुणाचलच्या सीमेपलीकडे, तिबेटमधल्या न्यिंगची भागात एप्रिल २०१९ मध्ये रोगाची नोंद झाली. २०२० च्या सुरुवातीला अरुणाचल प्रदेश आणि आसामात डुकरं मरू लागली. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने हा आफ्रिकन स्वाइन फीवरच असल्याचं निश्चित केलं आणि मे महिन्यात ते देशासमोर आलं. विषाणू दुसऱ्या जनुकप्रकारचा, चीन आणि आग्नेय आशियातल्या विषाणूंशी मिळताजुळता. २०२१ मध्ये मिझोराममध्ये ३० हजारांहून अधिक डुकरं दगावली. तिथे डुक्कर म्हणजे घरोघरची बचत असते. मग जुलै २०२२ मध्ये तो केरळच्या वायनाड जिल्ह्यात, मानंतवाडी भागात आढळला, आणि जानेवारी २०२३ मध्ये शेजारच्या मुदुमलाई अभयारण्यात मेलेल्या रानडुकरांत. आसाम ते वायनाड हे अंतर पाहा. ईशान्येतून निघून गंगेचं खोरं, मध्य भारत आणि दख्खनचं पठार ओलांडून सह्याद्रीच्या दक्षिण भागापर्यंत कोणताही डुकरांचा कळप चालत गेला नाही. हा विषाणू गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं आणि खारवलेल्या, वाळवलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो. खरकटं नीट उकळलं तर तो मरतो, पण खरकटं उकळून घालण्याची सवय आपल्याकडे कुठे आहे?

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. युरोपात रानडुकरांनी हा रोग गावोगाव नेला, हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडचं रानडुक्कर त्याच जातीचं, ते आफ्रिकी वार्टहॉगसारखं विषाणू पचवत नाही, आजारी पडून मरतं, आणि त्याच्या कलेवरात विषाणू दीर्घकाळ जिवंत राहतो. पैनगंगेच्या पट्ट्यात, कळमनुरी-सेनगावच्या शिवारात सोयाबीन आणि हळदीत घुसणारी रानडुकरं शेतकऱ्याच्या डोळ्यांत सलतातच. मग दोष त्यांचाच का नाही? उत्तर नकाशावर आहे. रानडुकरांतून होणारा प्रसार हळू सरकतो, शेजारच्या जंगलातून शेजारच्या जंगलात. सप्टेंबर २०१८ मध्ये हा रोग बेल्जियममध्ये उगवला, तेव्हा सर्वांत जवळचं ज्ञात बाधित क्षेत्र शेकडो किलोमीटर दूर होतं. त्याआधी २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन भागात असंच झालं होतं. लांब उडी माणसाने घेतली, मग स्थानिक रानडुकरांनी ती आग परिसरात फिरवली. दोन्ही देशांनी कुंपणं घातली, मेलेल्या रानडुकरांची कलेवरं शोधून काढून त्यांची विल्हेवाट लावली, आणि ती साथ संपवून दाखवली. रानडुकरांना विषाणूचा उगम मानलं असतं तर हे करता आलं नसतं, कारण मग नुसती गोळीबाराची मोहीम निघाली असती आणि बिथरलेले कळप अधिक दूर पांगले असते.

आतापर्यंतचा युक्तिवाद एकरूपतेवर उभा आहे, आणि त्यातूनच दुसरा आक्षेप निघतो. विषाणू जर सगळीकडे सारखाच असेल, तर तो पुन्हा पुन्हा वाचून मिळणार काय? ‘दुसरा जनुकप्रकार’ असा शिक्का मारला की झालं. माझ्या मते आपली खरी चूक इथे होते. पी-७२ च्या तुकड्यावरून विषाणू ओळखणं म्हणजे सातबाऱ्यावरच्या आडनावावरून अख्खं घराणं ओळखण्यासारखं आहे. आडनाव एकच असलेली दोन कुटुंबं एका आजोबांची असतीलच असं नाही, आणि एकाच घरात सून म्हणून आलेली बाई दुसऱ्याच गावची असते. जर्मनीत २०२० मध्ये पोलंडच्या सीमेवरून रोग शिरला, तेव्हा तिथल्या फेडरल पशुआरोग्य संस्थेने सापडलेल्या विषाणूंचे संपूर्ण जनुकसंच वाचले. नाव सगळ्यांचं एकच, पण आत अनेक उपशाखा निघाल्या. विषाणूच्या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकातच एक बदल होता आणि त्यामुळे नवे फरक जरा जास्त वेगाने साचत असावेत, असं संशोधकांचं म्हणणं. कोणत्या जिल्ह्यातला उद्रेक शेजारून सरकत आला आणि कुठला स्वतंत्रपणे बाहेरून आणला गेला, हे त्या उपशाखांवरून सांगता येऊ लागलं. आशियातल्या आणि पूर्व युरोपातल्या अनेक विषाणूंत दोन जनुकांमधल्या रिकाम्या जागेत दहा अक्षरांचा एक जादा तुकडा आहे, जो जॉर्जियातल्या मूळ विषाणूत नव्हता. असल्या बारीक खुणा पी-७२ च्या तुकड्यात दिसतच नाहीत.

आणि चीनमध्ये जे घडलं, ते पाहिल्यावर तर शिक्क्यावर विसंबणं धोक्याचं ठरतं. २०२१ मध्ये चीनच्या हेनान आणि शांदोंग प्रांतांत पहिल्या जनुकप्रकारचे विषाणू सापडले. त्यांचं जवळचं नातं पोर्तुगालमध्ये काही दशकांपूर्वी मिळालेल्या सौम्य विषाणूंशी निघालं. त्यांतला एक १९८८ मध्ये तिथल्या गोचिडांतून वेगळा केलेला होता. ते सौम्य होते म्हणून डुकरं लगेच मरत नव्हती, रेंगाळत आजारी राहून विषाणू पसरवत होती. २०२३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी त्याहून चिंताजनक गोष्ट जाहीर केली. ज्यांत पहिल्या आणि दुसऱ्या जनुकप्रकाराचे तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत असे संकरित विषाणू त्यांना मिळाले होते, आणि हे विषाणू अत्यंत घातक होते. दुसऱ्या प्रकारावरून तयार केलेल्या जिवंत, क्षीण केलेल्या लशीने त्यांच्यापासून डुकरांचं रक्षण झालं नाही. त्यांचं पी-७२ चं जनुक पहिल्या प्रकारचं होतं. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने तो एकच तुकडा वाचला असता, तर अहवालात ‘पहिला जनुकप्रकार’ एवढंच आलं असतं, आणि आतल्या घातक अर्ध्या भागाचा पत्ताही लागला नसता. पुढे असे संकर व्हिएतनाममध्ये आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या भागातही नोंदले गेले. बिळातल्या गोचिडांनी ज्याला युगं लावली असती, ती विविधता दाट डुकरांच्या वस्तीत काही वर्षांत जन्माला आली. लशींच्या नावाखाली बेकायदा सोडलेल्या विषाणूंचा त्यात हात असावा, असा संशय चीनच्या डुक्करपालन उद्योगातूनही व्यक्त झाला आहे.

संपूर्ण जनुकसंच वाचण्याचा उपयोग कुठे झाला, असं विचारलं तर कॅरिबियनकडे बोट दाखवता येईल. हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैतीत, १९७८-७९ मध्ये पहिल्या जनुकप्रकाराची साथ आली होती. ती निपटून काढल्यावर जवळपास चाळीस वर्षं अमेरिका खंडात हा रोग नव्हता. जुलै २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा दिसला. जुना विषाणू कुठेतरी दडून राहिला होता का, असा प्रश्न होता. पण सापडला तो दुसरा जनुकप्रकार, म्हणजे ही सरळसरळ नवी आयात होती. सार्डिनियात तर हे आणखी ठळकपणे झालं. १९७८ पासून तिथे पहिला जनुकप्रकार ठाण मांडून होता, अनेक दशकांच्या प्रयत्नांनी तो संपत आला होता, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. हा दुसऱ्या प्रकारचा असल्याचं कळलं नसतं, तर इतक्या वर्षांच्या मोहिमेवर पाणी पडलं असा अर्थ लागला असता आणि दोष तिथल्या गरीब डुक्करपालकांवर आला असता. उलट उदाहरण पोर्तुगालचं. १९९९ मध्ये दक्षिणेतल्या एका जागी उद्रेक झाला. तिथल्या जुन्या, बंद पडलेल्या वाड्यांत गोचिडांनी विषाणू पाच वर्षांहून अधिक काळ जपून ठेवल्याचं पुढे दिसून आलं. म्हणजे गोचीड खरोखरच दोषी असतो तेव्हाही ते तपासूनच कळतं.

महाराष्ट्राला हा धडा दूरचा वाटू नये. लम्पी चर्मरोगाने २०२२ मध्ये मराठवाड्यातल्या गोठ्यागोठ्यांत काय केलं, हे सांगायची गरज नाही. तो रोग भारतात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात नोंदला गेला, तेव्हा जनावरं आजारी पडत, पण मरत कमी. मग २०२२ मध्ये इतकी जनावरं का दगावली? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या राज्यांतले नमुने घेऊन जनुकसंच वाचले आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशात दोन वेगळे प्रकार फिरत होते. एक २०१९-२०२० च्या भारतीय विषाणूंसारखा, आणि दुसरा २०१५ मध्ये रशियात साथ आणणाऱ्या विषाणूशी जवळचा, ज्यात बदल पुष्कळ होते. ज्या वेळी शेतकऱ्याला आपण तोच रोग परत आल्याचं सांगत होतो, त्या वेळी वेगळं काहीतरी गोठ्यात शिरलेलं होतं. हे दोन वर्षं उशिरा कळलं. डुकरांच्या बाबतीत तेवढा उशीर होऊ द्यायचा की नाही, हे अजून आपल्या हातात आहे.

काही पशुवैद्य म्हणतील, प्रकार कुठलाही असो, करायचं एकच असतं. केंद्र सरकारच्या कृती आराखड्यानुसार उद्रेकाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतची डुकरं मारायची, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. जनुकं वाचण्याचा खर्च कशाला? पहिल्या आठवड्यापुरतं हे बरोबर आहे, आणि मारणं जनुकसंचाच्या अहवालासाठी थांबवावं असं कुणीच म्हणत नाही. पण सौम्य विषाणू आला तर मुळात डुकरं पटापट मरणार नाहीत, म्हणजे उद्रेक झाल्याचं आपल्याला दिसणारच नाही. व्हिएतनामने दुसऱ्या प्रकारावर आधारलेल्या लशी बाजारात आणल्या आहेत. उद्या भारतात अशी लस आली, तर इथे फिरणाऱ्या विषाणूला ती लागू पडते का, हे आधी माहीत असावं लागेल. चाचण्यांसाठी वापरले जाणारे तुकडे विषाणूत बदलले असतील, तर चाचणीच रोग चुकवू शकते. एक वाडा रिकामा करून नुकसानभरपाई देण्याचा खर्च आणि त्यातल्या एका नमुन्याचं पूर्ण वाचन, यांची तुलना केली तर खर्चाचा आक्षेप फारसा टिकत नाही.

शेवटचा आक्षेप सहसा लेखी कुणी मांडत नाही, पण तो सर्वांत घातक आहे. हिंगोली जिल्ह्यात डुकरं ती किती, माणसाला हा रोग होत नाही, शहरात मोकाट फिरणारी डुकरं मेली तर बरंच झालं. माणसाला होत नाही, हे खरं आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरं ९० लाखांच्या आसपास होती, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी, आणि त्यांतला मोठा वाटा ईशान्येत. पण आपल्याकडे डुकरं पाळतात ती वडार, कैकाडी यांसारख्या समाजांतली कुटुंबं, ज्यांच्याकडे दाखवायला जमीन नसते आणि अडीनडीला विकायला ही पिलंच असतात. हैतीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साथ संपवण्यासाठी देशी काळी डुकरं जवळजवळ सगळी मारली गेली. भरपाई अनेकांपर्यंत पोचली नाही, बदल्यात आणलेल्या परदेशी डुकरांना लागणारं खाणं तिथल्या गरिबाला परवडलं नाही, आणि ग्रामीण कुटुंबांची शिल्लकच गेली. जो माणूस भरपाईची खात्री नसताना आजारी डुक्कर रातोरात विकून मोकळा होतो, त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. पण त्याच विक्रीतून विषाणू पुढच्या बाजाराला जातो. आपल्या राज्यात नुकसानभरपाईचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. तो पैसा वेळेवर मिळेल असा विश्वास डुक्करपालकाला वाटला, तरच तो पशुवैद्यकीय दवाखान्यात येऊन माहिती देईल, आणि माहितीशिवाय नमुना नाही, नमुन्याशिवाय जनुकसंच नाही.

हिंगोलीत काय करता येईल, हे त्यामुळे ठरवता येतं. वसमत, कळमनुरी, औंढा किंवा हिंगोली शहरात दोन-तीन दिवसांत डुकरं तापाने पडली, कान आणि पोट जांभळं पडलं, रक्ताची हगवण लागली, तर मेलेलं डुक्कर नाल्यात किंवा कचऱ्याच्या ढिगावर जाता कामा नये. तिथे दुसरी डुकरं, कुत्री आणि रात्री रानडुकरंही येतात. १९६२ या क्रमांकावर कळवलं की पशुधन विकास अधिकारी प्लीहा आणि लसीकाग्रंथींचे नमुने बर्फात घेऊ शकतो. बाहेरून पाहून आफ्रिकन स्वाइन फीवर आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं असलेला जुना स्वाइन फीवर यांत फरक करता येत नाही. जुन्या रोगावर लस आहे, नव्यावर भारतात नाही, म्हणून ‘नेहमीचाच ताप’ असं मनाने ठरवणं धोक्याचं. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, अंतिम निदान भोपाळला होतं. या साखळीत एकच गोष्ट वाढवायला हवी. निदान होकारार्थी आलेल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या किमान एका नमुन्याचा पूर्ण जनुकसंच वाचला जावा, आणि तो सार्वजनिक संग्रहात काही आठवड्यांच्या आत ठेवला जावा. मग आलेला विषाणू ईशान्येकडच्या विषाणूंच्या जवळचा आहे, केरळकडच्या, की भारतात आजवर न दिसलेला एखादा संकर आहे, हे तरी तपासून पाहता येईल. वाहतुकीच्या कोणत्या मार्गावर नाकी बसवायची आणि कोणत्या बाजारातली डुकरांची खरेदी-विक्री थांबवायची, हा निर्णय घेताना जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांच्या हाती अंदाजापेक्षा अधिक काहीतरी असेल.